खोडवा मोडलेल्या रानात बेवड घ्यायचा, पण नांगरटीचा खर्च कुणाच्या पानावर लिहायचा?

तिसरा_खोडवा
मंडळी, नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातला, उजनीच्या कालव्याखालचा. साडेतीन एकरातला उसाचा तिसरा खोडवा (तोडल्यावर राहिलेल्या बुंध्यांना पुन्हा फुटलेला ऊस) परवा ८ फेब्रुवारीला तुटून गेला. एकरी २२ टन. फडात शिरतानाच मुकादम म्हणाला, "मालक, ह्याला आता सोडा की." लाज वाटली, पण खरं होतं. आता मोडतोय.

पूर्वहंगामी लावण ऑक्टोबरच्या मध्याला धरली तर मधले आठ महिने रान रिकामं. वडील म्हणतात नांगरून ठेव, ऊन खाऊ दे. भाऊ म्हणतो सोयाबीन कर, चार पैसे येतील आणि उसाला बेवडही चांगला, म्हणजे आधीच्या पिकानं रान सुधारतं. दोघांचंही पटतंय, म्हणून वही काढली. २०२४ च्या खरिपात शेजारच्या गटात असाच खोडवा मोडून सोयाबीन केलं होतं. तेव्हाचा एकरी खर्च लिहिलेला आहे:

नांगरट २,४००. रोटर दोन वेळा ३,०००. बुडखे (उसाचे जुने बुंधे) वेचायला सहा बाया, १,८००. बियाणं ३० किलोची बॅग ३,०००, बीजप्रक्रिया २००. पेरणी १,०००. खत (डीएपीची एक गोणी १,३५० आणि थोडं पोटॅश) २,१५०. तणनाशक फवारणीसकट १,४००. एक खुरपणी आठ बाया, २,४००. अळीच्या दोन फवारण्या २,२००. काढणी उक्ती ४,५००. मळणी क्विंटलला २५० प्रमाणं २,२५०. गाडीभाडं, हमाली, तोलाई ७२०.

बेरीज २७,०२०. माल ९ क्विंटल झाला, दर मिळाला ४,१५० (हमीभाव तेव्हा ४,८९२ होता, पण कुठं थांबणार). आले ३७,३५०. शिल्लक १०,३३०.

पाच महिन्यांच्या धावपळीला दहा हजार. मग वडिलांचंच खरं का? माझं काय चुकतंय ते सांगा.

पांढरीचा_ढेकूळ
दहा हजार रोख सुटले हेच नशीब. आमच्याकडं त्या साली ओला माल ३,८०० नं घातला.

बांधावरचा_मास्तर
वही लिहिता याबद्दल आधी शाबासकी. मुद्दा एकच. नांगरट, बुडखे, रोटर हे सगळं तुम्ही सोयाबीनच्या पानावर टाकलंय. आता सांगा, सोयाबीन केलंच नसतं तर खोडवा मोडायला नांगर घातला नसता का? बुडखे वेचले नसते का?

लेकीच्या लग्नाच्या निमित्तानं घराला रंग दिला तर तो खर्च लग्नाचा की घराचा? भिंती पुढं दहा वर्षं तुम्हीच बघणार. नांगरटीचं तसंच आहे. ती उसाची.

म्हणून बेवडाच्या पिकाचा हिशोब करताना प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे पीक घेतलं नसतं तर हा पैसा वाचला असता का? वाचला असता तर तो सोयाबीनचा, नाहीतर उसाचा. त्या हिशोबानं नांगरट २,४००, बुडखे १,८०० आणि एक रोटर १,५०० असे ५,७०० इथून उचलून उसाच्या पानावर न्या. दुसरा रोटर पेरणीसाठी होता, तो राहू द्या. सोयाबीनचा खरा खर्च २१,३२०. शिल्लक १६,०३०.

आणखी एक. रान मोकळं ठेवलं असतं तर पावसाळ्यात तण मारायला कुळवाच्या दोन पाळ्या घालाव्या लागल्याच असत्या. ९०० च्या दोन म्हणजे १,८००. सोयाबीननं झाकल्यामुळं ते वाचले. तेही सोयाबीनच्या नावावर जमा करा. झाले १७,८३०.

मोकळं रान फुकट पडून राहत नाही हो, तेही खातं.

तिसरा_खोडवा
मास्तर, एका झटक्यात साडेसात हजार वाढवलेत! भावाला दाखवतो.

कडब्याची_गंजी
भावाला दाखवायच्या आधी घरात दाखवा. सगळी मजुरी बाहेरच्यांची लिहिलीय. पाणी कुणी दिलं? पेरणीमागं बी कुणी बघितलं? मळणीला पोती कुणी शिवली? तुमची आणि वहिनींची हजेरी कुठाय?

तिसरा_खोडवा
ताई, बरोबर पकडलंत. आठवून मोजले. माझे सहा दिवस, बायकोचे पाच. गड्याची हजेरी ५०० आणि बाईची ३०० धरली तर ४,५००.

हे लिहिताना ती मागंच उभी होती. म्हणाली, "आणि तीन दिवस डांबरीवर माल वाळवला, रात्री राखायला बसले, ते धरले का?" नव्हते धरले. म्हणजे आठ दिवस, २,४००. दोघांचे मिळून ५,४००. शिल्लक १२,४३०.

कडब्याची_गंजी
रात्र राखायचे पण तीनशेच का?

बांधावरचा_मास्तर
ताईंचा मुद्दा सरकारी हिशोबातही आहे बरं. कृषिमूल्य आयोगाकडं रोखीचा खर्च अधिक घरच्या माणसांची मजुरी याला ए-टू अधिक एफ-एल म्हणतात. हमीभाव याच्या दीडपट धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज धरलं की तो सी-टू. आपल्याला इथं जमिनीचा खंड धरायची गरज नाही, कारण मधल्या पाच महिन्यांसाठी रान कुणी खंडानं नेत नाही. उसाला मात्र धरा, नाहीतर ऊस उगाच गोरा दिसतो.

व्याज मात्र विसरू नका. सोसायटीचं पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेत फेडलं तर शून्य टक्क्यानं पडतं, पण औषध-बियाणं दुकानातून उधार उचललं तर महिना दीड-दोन टक्के कुठं गेले? दहा हजारांवर पाच महिन्यांचे साडेसातशे ते हजार होतात. दुकानदार ते बिलात दाखवत नाही, दरात लावतो.

आडसाली_दादा
तुम्ही सगळे सोयाबीनच मोजत बसलाय. मला एवढंच सांगा, सोयाबीननंतर ऊस लावला कधी? तारीख सांगा.

तिसरा_खोडवा
दादा, तारीख वहीत आहे. पाऊस लांबला म्हणून पेरणी २८ जूनला. काढणी १४ ऑक्टोबर. मळणीयंत्राची वाट बघत ढीग ताडपत्रीखाली, मळणी २५ ला. मग दोन पाऊस झाले, काळी जमीन, वाफसा (नांगराजोगी ओल) येईना. नांगर, सरी होऊन लावण झाली १९ डिसेंबरला.

आडसाली_दादा
आणि टनेज?

तिसरा_खोडवा
त्या गटाचा ऊस याच हंगामात गेला. एकरी ४१ टन. दुसऱ्या गटात २ नोव्हेंबरला लावलेला त्याच जातीचा (८६०३२) ४८ टन.

लिहिता लिहिताच कळलं तुम्ही कुठं नेताय ते.

आडसाली_दादा
सात टन. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, २०२५-२६ ला टनाला ३,५५०, पण ती सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला, आणि तोडणी-वाहतूक वजा जाऊन हातात काय पडतं ते तुम्हाला माहीत. २,८०० धरा. १९,६००. तुमचे सोयाबीनचे १२,४३० गेले आणि वर ७ हजार खिशातून.

माझ्या वडिलांचं म्हणणं, उसाला बेवड द्या पण उसाचा मुहूर्त मोडू नका. पूर्वहंगामी म्हणजे १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. डिसेंबरात लावलेल्याला थंडी गाठते, फुटवे मार खातात.

बांधावरचा_मास्तर
दादा, मान्य. पण सातच्या सात टन उशिराच्या बोकांडी मारू नका. दोन गट, दोन माती. सोयाबीन झालेल्या खालच्या गटाला पाणी साचतं का, खत सारखंच पडलं का, हे बघा. निम्मे जरी उशिरामुळं धरले तरी ९,८०० होतात आणि सोयाबीनच्या १२,४३० तले जेमतेम २,६३० उरतात. फक्त हिशोबात आकडा फुगवू नये इतकंच.

तिसरा_खोडवा
खालच्या गटाला साचतं, खरंय. तरी आकडा बघून झोप उडाली. वहीत सोयाबीनचं पान वेगळं, उसाचं वेगळं. दोन्ही पानं समोरासमोर ठेवून मी कधी बघितलीच नव्हती.

सीनाकाठ
२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जे पाणी आलं त्यात आमचं सोयाबीन शेंगांसकट चार दिवस बुडून होतं. आपल्या सोलापूरला वर्षाचा जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा नेमका सप्टेंबरात. सोयाबीन तेव्हाच पक्व होतं. हिशोबात एक ओळ "सप्टेंबर" म्हणून ठेवा. एक रुपयातला पीकविमाही २०२५ च्या खरिपापासून गेला, आता दोन टक्के हप्ता स्वतः भरायचा. तोही सोयाबीनच्याच पानावर.

बार्शी_लाईट
उडीद कुणी काढला नाही अजून? ७०-७५ दिवसांचं पीक. जूनच्या मध्याला पेरलं तर पोळ्यापर्यंत रान मोकळं. सप्टेंबरात नांगर, ऑक्टोबरात सरी. मुहूर्त मोडत नाही. बेवड म्हणाल तर कडधान्यच, पाला सगळा रानातच गळतो.

एकरी माझा हिशोब, मास्तरांच्या पद्धतीनं, म्हणजे नांगरट उसाला लावून: बियाणं ६ किलो १,०८०. पेरणी १,०००. डीएपी गोणी १,३५०. फवारण्या १,५००. खुरपणी २,४००. काढणी ३,५००. मळणी १,३५०. बाजारखर्च ४५०. झाले १२,६३०. साडेचार क्विंटल, दर ६,८००. आले ३०,६००. राहिले १७,९७०.

पांढरीचा_ढेकूळ
साडेचार? कुठल्या रानात? मला तीनच्या वर दिसला नाही कधी. आणि काढणीच्या आठवड्यात झड लागली की शेंगेतच मोड.

बार्शी_लाईट
तीन धरा. मळणी आणि बाजारखर्च ६०० नं कमी होतो, खर्च १२,०३०. आले २०,४००. राहिले ८,३७०. तरी बुडालो नाही.

बांधावरचा_मास्तर
ढेकूळराव आणि लाईटदादा, दोघांचंही खरं धरून एक आकडा काढू. पीक किती कमी आलं तर पदरचे पैसे जायला लागतात?

सोयाबीनचा २१,३२० पैकी मळणी-बाजारखर्च सोडून न चुकणारा १८,३५०. क्विंटलमागं ३३० मळणीला आणि बाजाराला. ४,१५० तून ते गेले, राहिले ३,८२०. १८,३५० ला ३,८२० नं भागा: ४.८ क्विंटल. म्हणजे पावणेपाचच्या खाली उतरलात की तोटा.

उडदाचा न चुकणारा १०,८३०. क्विंटलमागं ४०० जाऊन राहतात ६,४००. भागाकार १.७ क्विंटल.

(घरची मजुरी दोन्हीकडं धरलेली नाही. ताई, माफी असावी. धरली तर दोन्ही आकडे वर सरकतील, सोयाबीनचा जास्त.)

शिल्लक किती यापेक्षा मी हा आकडा आधी बघतो. मोडकळीला आलेल्या खोडव्याच्या रानात पहिल्या वर्षी सगळं पुस्तकाप्रमाणं येत नाही.

तिसरा_खोडवा
हे मात्र अगदी खरं. मागल्या वेळी पेरताना एक बुडखा फणात अडकला. ड्रायव्हरच्या कानात हेडफोन, मी बांधावर. आठव्या दिवशी उगवण बघायला गेलो तर मधली एक ओळ रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी. बी सगळं पेटीत तसंच. म्हणून यंदा बुडखे वेचायला सहाच्या जागी आठ बाया सांगितल्यात. तो खर्च उसाच्या पानावर ना मास्तर?

बांधावरचा_मास्तर
दोन बाया सोयाबीनच्या, सहा उसाच्या. इतकाही किस काढू नका हो.

काळी_माती_पांढरा_क्षार
कुणी धैंचा-ताग (रानात गाडायचं हिरवळीचं पीक) घेत नाही का? आमच्या रानाचा खालचा कोपरा कालव्यानं चोपण, म्हणजे क्षारानं घट्ट, झालाय. तिथं उडीद काय आणि सोयाबीन काय, पिवळं पडून बसतं. धैंचा मात्र कमरेएवढा होतो. ४५-५० दिवसांत फुलोऱ्याच्या आधी गाडायचा. बियाणं २० किलो २,२००, पेरणी ६००, गाडायला रोटर १,५००. झाले ४,३००. जमा शून्य. पण युरिया वाचतो.

आडसाली_दादा
युरिया वाचतो म्हणून धैंचा करणाऱ्यानं एकदा गणित करावं. गोणी २६६ रुपये ५० पैसे. दोन गोण्या वाचल्या तर ५३३ रुपये. ४,३०० घालून ५३३ वाचवायचे? सरकारनं युरिया इतका स्वस्त ठेवलाय की नत्राच्या पैशात कुठलंही हिरवळीचं पीक परवडत नाही.

काळी_माती_पांढरा_क्षार
दादा, तुमचं गणित बरोबर, पण मोजताय चुकीची वस्तू. धैंचा गाडल्यावर पाणी किती मुरतं ते बघा. आधी सरीत पाणी सोडलं की दुसऱ्या दिवशीही आरशासारखं उभं असायचं, आता संध्याकाळपर्यंत जिरतं. ह्याचा दर सांगा, मी वहीत लिहितो.

डोंगरगावचा_मोठा
परदेशातलं थोडं सांगतो, राग मानू नका. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला ऊसवाले शेवटचा खोडवा मोडल्यावर नव्या लावणीआधीच्या मोकळ्या महिन्यांत सोयाबीन, भुईमूग, मूग घेतात. तिथं १९९३ पासून ऊसधंद्यातल्या संस्था, सरकार आणि संशोधक मिळून एक मोठं काम झालं, उसाचं उत्पन्न का घटतंय यावर. निघालं असं की वर्षानुवर्षं उसावर ऊस घेतल्यानं मुळांवर जगणारे रोगजंतू आणि सूत्रकृमी वाढतात. मधे कडधान्याचा खंड पडला की त्यांची उपासमार होते आणि पुढचा ऊस सुधारतो. तिथले पुष्कळ जण सोयाबीनचं दाणं काढतही नाहीत, हिरवंच ठेवून देतात, कारण दाणे काढले की गोळा झालेलं नत्रही पोत्यातून बाजारात जातं.

मला यातून उमगलं ते असं. बेवडाची कमाई दोन ठिकाणी होते, एक बाजारात आणि एक पुढच्या उसात. दुसरी मोजायची तर एक पट्टा बेवडाचा आणि एक पट्टा मोकळा ठेवून, दोन्हीकडं एकाच दिवशी लावण करून, वजन वेगळं करावं लागेल. एकाच रानात. दोन गटांत नाही.

आडसाली_दादा
वजन वेगळं कोण करून देणार? तोडणीवाला खुशालीचे वरचे पैसे घेऊन सुद्धा एक खेप वेगळी बांधत नाही.

सीनाकाठ
हुमणी (मुळं खाणारी अळी) असेल तर भुईमूग टाळा एवढं मी सांगेन. आमच्याकडं उसातली हुमणी उपाशी मरेल म्हणून भुईमूग केला. तिनं मेजवानी केली.

तिसरा_खोडवा
सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर वडील, भाऊ, बायको आणि वही असे बसलो. ठरलं ते असं.

अडीच एकर उडीद. पाऊस २५ जूनपर्यंत नाही आला तर उडीदही नाही, रान तसंच. ती तारीख वडिलांनी घातली आणि सगळ्यांनी मान्य केली. खालचा एक एकर, जिथं साचतं, तिथं धैंचा. पाचट (उसाचा वाळला पाला) जाळायचं नाही: टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू टाकून नांगराखाली घालायचं. लावण दोन्हीकडं एकाच आठवड्यात.

उडदात दोन सऱ्यांएवढा पट्टा मोकळा सोडतोय. ऊस मोळ्या मोजून बघेन, वजनकाटा नसला तरी.

सोयाबीनला भावाचा अजून जीव आहे. त्यानं विचारलं, २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ झालाय, त्याचं काय? म्हटलं, ९ क्विंटलचे ४७,९५२ होतात, दिसतात छान, पण ओलावा बारा टक्क्यांच्या आत आणून, नोंदणी करून, मेसेजची वाट बघेपर्यंत नोव्हेंबर जातो. तो गप्प बसला. पटलं का दमला ते माहीत नाही.

वहीत नवा रकाना पाडलाय, "घरची हजेरी". पहिली नोंद बायकोनं स्वतः लिहिली: बुडखे, अर्धा दिवस.

कडब्याची_गंजी
किती रुपये लिहिले?

तिसरा_खोडवा
२५०. अर्ध्या दिवसाचे. गड्याच्या दरानं. मी काही बोललो नाही.

पांढरीचा_ढेकूळ
नांगरट किती घेतोय यंदा?

तिसरा_खोडवा
२,६००. उसाच्या पानावर लिहिले.

पांढरीचा_ढेकूळ
आमच्या गावात २,२०० मध्ये करतो एकजण. पाठवू का?

तिसरा_खोडवा
डिझेल कुणी घालायचं ते आधी विचारून घ्या.